उरलेली तिकिटे

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झाले आणि त्याच वर्षी तेथे तिकिटांच्या पुस्तिका आल्या. आरंभी ‘ए’, ‘बी’, ‘सी’ हे तीनच वर्ग होते. पुढे ‘डी’ आणि १९५९ मध्ये सर्वांत महाग ‘ई’ आला. मॅटरहॉर्न पर्वतावरून सुसाट उतरणाऱ्या गाड्या, पाणबुडीची सफर ही ‘ई’ची मिजास! ती तिकिटे आधी संपत. फिरत्या लाकडी घोड्यांची ‘ए’ तिकिटे मात्र उरत. पटविण्याची राहून गेलेली हुंडी असावी, तशी ती कित्येक अमेरिकन घरांच्या खणांत पडून राहिली.

१९८२ मध्ये पुस्तिका बंद झाल्या. एकदाच प्रवेशमूल्य भरावे, मग सारे खुले. हिशेब सोपा झाला खरा. पण शेवटचे ‘ई’ तिकीट कशासाठी राखावे, हा कुटुंबातला गोड वाद मिटला. तारेवरचे पाळणे १९९४ मध्ये थांबले. पाणबुड्या १९९८ मध्ये बंद पडल्या आणि २००७ मध्ये परतल्या त्या चित्रपटातील निमो माशाला घेऊन.

पुस्तिका बंद झाल्यानंतरच्याच वर्षी सॅली राइड ही अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन महिला ठरली. त्या उड्डाणाला तिने उपमा दिली ती ‘ई’ तिकिटाचीच.