मधमाशी आणि मालकी

संगणकावरील खेळांची निंदा करणें ही आतां जुनी रीत झाली. त्यांची स्तुति करणें ही नवी. निंदकांचा आक्षेप असा, कीं या खेळांत गोळीबार आणि कालाचा अपव्यय यांवांचून दुसरें कांहीं नाहीं. स्तुतिपाठकांचा दावा असा, कीं हल्लीं लहान, स्वतंत्र मंडळ्यांनीं काढलेले सौम्य खेळ मनाला शांति देतात, निसर्गाची ओळख करून देतात, आणि म्हणून ते मुलांच्या हातीं निःशंकपणें द्यावे. या दुसऱ्या पक्षाला दाखला म्हणून सहज पुढें करतां येईल असा खेळ म्हणजे मे २०२२ मध्यें निघालेला 'एपिको'. पहिल्या पक्षाचें खंडन पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांस दुसऱ्या पक्षाशीं भांडावयाचें आहे.

प्रथम खेळाला न्याय देऊं. एका द्वीपसमूहावर खेळणारा मधमाश्या मिळवितो, त्यांचे संकर घडवितो, लुप्त झालेल्या जाती पुन्हा शोधून काढतो आणि यंत्रांच्या साहाय्यानें मध काढतो. प्रत्येक जातीस आयुष्य, उत्पादकता, प्रजननशक्ति असे गुण वांटून दिलेले आहेत. योग्य जोडी जुळवून इष्ट गुणांची संतति मिळविणें हें खेळाचें मर्म. चित्रें मोहक आहेत, कोठेंही घाई नाहीं, आणि विक्रीच्या उत्पन्नांतील कांहीं भाग मधमाश्यांच्या संरक्षणासाठीं जातो. हें सर्व चांगलें आहे, आणि तें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों.

परंतु निसर्गाची ओळख म्हणून जी वाखाणली जाते, ती ओळख नेमकी कोणाची? ग्रेगोर मेंडेल या मठवासी संशोधकानें ब्रनो येथें वाटाण्यांवर केलेले प्रयोग १८६५ सालीं वाचून दाखविले आणि आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया घातला. खेळांतील संकराचें गणित त्याच कुळांतलें आहे. याच मेंडेलनें मठाच्या आवारांत मधमाश्या पाळून त्यांचेही संकर करून पाहिले. तेथें मात्र त्याला यश आलें नाहीं. कारण उघड आहे. वाटाण्याचें फूल माणसाला आपल्या हातानें उघडतां येतें. राणीमाशी पोळ्यापासून दूर, उंच हवेंत, उडतां उडतां संयोग पावते, आणि तोही एका नव्हे तर दहा-वीस नरांशीं. शिवाय नराला बाप नसतो. फलित न झालेल्या अंड्यांतून तो जन्मतो, हें जेर्झोन नांवाच्या पाद्र्यानें १८४५ सालींच प्रतिपादिलें होतें. आज राणीचें कृत्रिम रेतन करितां येतें हें खरें. पण तें सूक्ष्मदर्शकाखालीं काम करणाऱ्या थोड्या निष्णातांचें कौशल्य आहे. जी मेंडेलच्याही हातून निसटली ती मधमाशी. बटण दाबतांच जी जोडीला सिद्ध होते, ती मधमाशी नव्हे; तो पंख लावलेला वाटाणा आहे.

कोणी म्हणेल, खेळ हा खेळच. बुद्धिबळांतला हत्ती सोंडेनें पाणी पीत नाहीं म्हणून कोणी तक्रार करितो काय? आमचें उत्तर असें, कीं बुद्धिबळ खेळल्यानें हत्तींचें रक्षण होतें, असेंही कोणी म्हणत नाहीं. ज्याला शिक्षणाचा मान हवा, त्यानें शिक्षणाची जबाबदारीही घ्यावी. आणि येथें गाळलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलाची नाहीं. माशी आपली नव्हे, आणि चुकीचा संकर परत घेतां येत नाहीं, या दोन गोष्टीच गाळल्या आहेत.

दुसऱ्या गोष्टीची किंमत जगानें मोजलेली आहे. १९५६ सालीं वॉरविक केर या शास्त्रज्ञानें उष्ण प्रदेशांत भरपूर मध देणारी जात निपजावी या सद्धेतूनें आफ्रिकेंतील राण्या ब्राझिलमध्यें आणल्या. १९५७ सालीं २६ वसाहती राण्यांसह निसटल्या. त्यांची संतति पसरत पसरत १९९० सालीं टेक्सासला पोंचली. वाटेंत माणसें आणि जनावरें दंशांनीं दगावलीं. ब्राझिलच्या मधपाळांनीं पुढें याच माशीशीं जुळवून घेतलें, हेंही खरें. पण तें श्रेय त्यांच्या सोसण्याचें आहे, मूळ योजनेचें नव्हे. तीच कथा व्हरोआ या परोपजीवी किडीची. आपल्या सह्याद्रींतील सातेरी माशी ज्या आशियाई जातीची, त्या जातीवर ही कीड पूर्वींपासून होती, आणि ती जात तिला सोसून होती. माणसानें युरोपीय माशी तिच्या शेजारीं नेऊन ठेवली, पोळीं देशोदेशीं हलविलीं, आणि त्या किडीनें जगभर युरोपीय माशीचा संहार मांडला. खेळांत मात्र फसलेला संकर म्हणजे गेलेला थोडा वेळ. पुन्हा आरंभ करावयास कोणाची आडकाठी नाहीं.

राहतां राहिला संरक्षणाचा प्रश्न. पृथ्वीवर मधमाश्यांच्या कुळांतील सुमारें २०,००० जाती ज्ञात आहेत. त्यांतल्या बहुतेक एकाकी राहतात. त्यांना ना राणी, ना मध, ना मालक. मनुष्य ज्या माशीला पेटींत पोसतो तिला नाहींसें होण्याचें भय फारसें नाहीं. भय आहे तें या निरुपयोगी म्हणून दुर्लक्षिलेल्यांना. पेट्या वाढविणें म्हणजे माश्या वांचविणें, अशी समजूत मुलाच्या मनांत रुजली, तर तें मोठेपणीं कोंबड्या पाळून पक्षिजगताचें रक्षण करूं पाहील.

आम्हांस खेळावर बहिष्कार नको आहे. आम्हांस हवा आहे तो याहून धीट खेळ. ज्यांत राणी एके दिवशीं पेटींतून उडून जाईल, खेळणारा नुसता वाट पाहील, आणि ती परतली तरी कोणाकोणाची संतति पोटांत घेऊन परतली, हें त्याला पुढची पिढी निपजेपर्यंत कळणार नाहीं, असा खेळ कोणी काढला, तर त्याला निसर्गशिक्षण म्हणावयास आम्ही सर्वांच्या आधीं तयार आहों. तोंवर 'एपिको'ला सुंदर करमणूक म्हणावें, आणि तेथेंच थांबावें.