रसायन सोडले, की पुढे नेले?

रसायनशास्त्राचा एखादा हुशार पदवीधर पदव्युत्तर शिक्षणासाठी मटेरियल्स सायन्सकडे वळला, की त्याने आपला विषय सोडला, अशी हळहळ महाविद्यालयांतून व्यक्त होते. (या शास्त्राला मराठीत सर्वमान्य नावही नाही, ‘पदार्थविज्ञान’ म्हणावे, तर तो शब्द भौतिकशास्त्राने केव्हाच अडवून ठेवला आहे.) ही हळहळ अनाठायी होय. धातूचा पत्रा हिशेबाने निघणाऱ्या बळापेक्षा कितीतरी कमी बळाने का वाकतो, याचे उत्तर स्फटिकातील अणूंच्या रांगांमधील दोषांत आहे, असे १९३४ साली तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडले. त्यांपैकी मायकेल पोलान्यी हे मँचेस्टर विद्यापीठात भौतिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. उलट, २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल लिथियम-आयन बॅटरीसाठी ज्यांना विभागून मिळाले, त्यांतील जॉन गुडइनफ यांची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली. शास्त्रांच्या सीमा विद्यापीठांच्या इमारतींइतक्या पक्क्या नसतात.

खरी अडचण निराळीच आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला रेणू ठाऊक असतो. परंतु पोलादाचा तोच तुकडा लालबुंद तापवून पाण्यात बुडविला तर कठीण आणि सावकाश निववला तर मऊ का होतो, हे केवळ घटकद्रव्यांवरून सांगता येत नाही. घन पदार्थात अणू किती वेगाने सरकतात, याचा हिशेब तेथे करावा लागतो, आणि तो कलनशास्त्रावाचून होत नाही. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र यांच्या जोडीने रसायन घेणाऱ्यांचे गणित तर पुष्कळदा अकरावीतच सुटलेले असते. पुढे ‘गेट’ परीक्षेला अभियांत्रिकी विज्ञानाची प्रश्नपत्रिका निवडावी, तर तीत गणिताचा १५ गुणांचा विभाग अनिवार्य! सोळाव्या वर्षी, बहुधा मित्रांच्या सल्ल्याने केलेल्या निवडीची किंमत विद्यार्थी एकविसाव्या वर्षी मोजतो. ज्याच्या घरी त्याच्या पहिल्या पगाराची वाट पाहिली जात आहे, तो अशा वेळी वर्ष वाया घालविण्याऐवजी बेतच सोडून देतो.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयासोबत दुय्यम विषयाची सोय केली आहे. मात्र रसायनाचे प्रात्यक्षिक आणि गणिताचा तास एकाच वेळी ठेवला, तर ती सोय कागदावरच राहावयाची. वेळापत्रक आखणाऱ्यांनी एवढे जरी टाळले, आणि प्रवेश देणाऱ्या संस्थांनी पहिल्या सत्रात गणिताची पूर्वतयारी करून घेतली, तरी या विद्यार्थ्यांचे ते एक वर्ष वाचेल.