आर्कराइट : एका विरळ आडनावाची साक्ष

१/ ‘आर्कराइट’ म्हटले की इतिहासाच्या वाचकाला सूतगिरणी आठवते. वस्तुतः या आडनावाचा सुताशी काहीही संबंध नाही. त्याचे मूळ लाकूडकामात आहे.

२/ ‘राइट’ म्हणजे घडवणारा कारागीर. गाडे घडवणारा तो वेनराइट, चाके घडवणारा व्हीलराइट. ‘आर्क’ म्हणजे पेटारा. लॅटिन ‘आर्का’वरून आलेला शब्द. उत्तर इंग्लंडमध्ये पीठ व धान्य साठवण्याच्या लाकडी पेटाऱ्याला हेच नाव होते. तो घडवणारा सुतार म्हणजे आर्कराइट.

३/ पेटारे तर साऱ्या इंग्लंडमध्ये होते. मग हे आडनाव इतके विरळ का? कारण घरगुती पेटाऱ्याला ‘आर्क’ म्हणण्याची रीत प्रामुख्याने उत्तरेची. शिवाय मध्ययुगाच्या उत्तरार्धात आडनावे वंशपरंपरागत झाली, तेव्हा हे नाव मोजक्याच घरांत टिकले. १८८१च्या जनगणनेतही ही घराणी मुख्यतः लँकेशायरमध्येच एकवटलेली दिसतात.

४/ कापड तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिराचे उदाहरणही असेच आहे. आग्नेयेस तो फुलर, नैर्ऋत्येस टकर, उत्तरेस वॉकर. धंदा एकच, नावे तीन. आडनावांचा नकाशा हा धंद्यांपेक्षा बोलींचा नकाशा अधिक असतो.

५/ आता रिचर्ड आर्कराइट पाहावा. जन्म १७३२, लँकेशायरमधील प्रेस्टन. वडील शिंपी, तो स्वतः न्हावी व केसांचे टोप बनवणारा. १७६९ मध्ये त्याने सूत कातण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १७७१ मध्ये क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी गिरणी उभारण्यास आरंभ केला. पेटारे घडवणारा पूर्वज कित्येक पिढ्या मागे राहिला होता.

६/ म्हणूनच आडनावावरून माणसाचा धंदा, कूळ वा योग्यता ठरवणे हा इतिहास नव्हे. आडनाव फक्त ते रूढ झाले त्या काळाविषयी बोलते; पुढच्या पिढ्यांविषयी बोलण्यास चर्चच्या नोंदवह्या, करांच्या याद्या आणि मृत्युपत्रे लागतात. एकच आडनाव म्हणजे एकच मूळपुरुष, हेही पुराव्याविना गृहीत धरता येत नाही.

७/ तरीही हे आडनाव मोलाचे आहे. बखरकारांनी राजांची नावे जपली. पिठाचा पेटारा घडवणाऱ्या सुताराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याच्या शेजाऱ्यांनी त्याला ज्या कामावरून हाक मारली, ती हाकच त्याची नोंद ठरली. ती नोंद अभिमान मिरवण्यासाठी वापरण्यापेक्षा त्या कामाची आठवण ठेवण्यासाठी वापरणे अधिक न्याय्य आहे.