बिनविरोध म्हणजे कुणाच्या विरोधाविना?

मैत्रिणींनो, निवडणूक ‘बिनविरोध’ झाली की गावात गुलाल उधळतो. मला मात्र धास्ती वाटते. आपल्याच जिल्ह्यात, देवळा तालुक्यातल्या उमराण्यात सरपंचपदासाठी २ कोटी ५ लाखांची बोली लागली. घटनेच्या कलम २४३-के चा अधिकार वापरून राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये ती निवडणूकच रद्द केली. चांगलेच झाले. पण बोली न लावता, पारावर पुरुषांनीच ठरवलेल्या बिनविरोधाचे काय? जागेसाठी एकच अर्ज उरला की मतदान नाही, म्हणजे ‘नोटा’ही नाही. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. पारावर आपल्याला कुणी विचारत नाही. मतदान केंद्रात मात्र आपले मत मोजावेच लागते. म्हणून सांगते, गावच्या एकीसाठी अर्ज मागे घे म्हणतील, घेऊ नका.