दगडाचें खरें रूप कोणतें?

जुन्या गोव्यांतील बॉम जेझसचें मंदिर पाहून आलेले लोक बहुधा प्रथम त्याच्या तांबूस रंगाचीच स्तुति करितात. 'केवढें प्राचीन दिसतें!' असे उद्गार पुष्कळांच्या तोंडून निघतात. या स्तुतींत दोष एवढाच कीं, ज्यांनीं तें मंदिर बांधिलें, त्यांनीं त्याच्या भिंती तशा उघड्या ठेविल्या नव्हत्या. भिंती चारशें वर्षांच्या खऱ्या. पण त्यांचें हें उघडेपण सुमारें सत्तर वर्षांचेंच आहे. त्यांवर चुन्याचा गिलावा पुन्हां चढवावा कीं नाहीं, याविषयीं अलीकडे वाद चालू आहे. चढवावा, असें माझें स्पष्ट मत आहे. आणि त्याचीं कारणें या मंदिराच्या रचनेंतच सांपडतात.

या मंदिराची कोनशिला २४ नोव्हेंबर १५९४ रोजीं बसविली गेली व १५ मे १६०५ रोजीं आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हस्तें त्याचें समर्पण झालें. बांधविणारे जेझुइट संघाचे लोक होते. त्यांनीं रोम शहरीं आपलें मुख्य मंदिर १५६८ ते १५८४ या काळांत उभारिलें होतें. व बरोक नांवाची जी शैली पुढें युरोपभर पसरली, तिचा उगम पुष्कळ विद्वान् त्या मंदिरांत पाहतात. बाजूच्या दालनांची गर्दी नसलेला एकच प्रशस्त सभामंडप, म्हणजे उपदेशकाचा शब्द सर्वांस ऐकूं यावा व वेदी सर्वांस दिसावी, हा त्या रचनेचा हेतु. बॉम जेझसमध्येंही तोच हेतु दिसतो. दर्शनी भिंत तीन मजल्यांची असून तिच्या माथ्यावर येशू या नामाचीं अक्षरें कोरलेलीं आहेत. आंत गेल्यावर सोन्याच्या मुलाम्याची भव्य वेदी समोर येते. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष १६२४ सालीं येथें आणिले गेले. आणि फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोग्गिनी यानें घडविलेला त्यांचा संगमरवरी चौथरा १६९८ सालीं येथें बसविण्यांत आला.

आतां भिंतींकडे वळूं. या इमारतीचे मुख्य पदार्थ तीन, आणि प्रत्येकाचें काम निराळें. भिंतींचा भार वाहतो तो जांभा दगड. आपल्या कोंकणांतील मुलांस जांभ्याची ओळख करून देण्याची गरज नाहीं. खाणींतून काढतांना तो मऊ असतो, त्यामुळें त्याचे चिरे सहज तासतां येतात. मग हवा लागून तो कठीण होतो. तथापि त्याच्या अंगीं असंख्य छिद्रें असतात व तीं पाणी शोषून घेतात. बारीक कोरीव काम त्यावर टिकत नाहीं. म्हणून दर्शनी भागाचे खांब व नक्षी यांसाठीं कारागिरांनीं काळा पाषाण वापरिला, आणि तो आणविला वसईकडून! वसई तेव्हां पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. १७३९ सालीं मराठ्यांनीं ती जिंकण्यास अद्याप शतकाहून अधिक अवकाश होता. तिसरा पदार्थ चुना. जांभ्याचें पावसापासून रक्षण करणें हें त्याचें काम. भार जांभ्यानें वाहावा, शोभा काळ्या दगडानें द्यावी व रक्षण चुन्यानें करावें, अशी ही वांटणी होती. यांतील एक काढून घेतला तर उरलेले दोन त्याचें काम करीत नाहींत.

१९५० नंतरच्या दशकांत नेमकें तेंच झालें. पोर्तुगालमधील जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचें काम केलेले वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखालीं हा गिलावा उतरविण्यांत आला. त्या देशांत त्या काळीं गिलावा काढून आंतला दगड उघडा करण्याची रीत रूढ होती. तिकडच्या उत्तर भागांतील कणखर ग्रॅनाइटास ती सोसली असेल. पण तोच नियम जांभ्यास, आणि तोही वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशांत, लावणें हें माझ्या मतें शहाणपणाचें नव्हतें. उघडा जांभा दर पावसाळ्यांत भिजतो, उन्हाळ्यांत सुकतो आणि हळूहळू झिजतो.

विरुद्ध पक्षाचें म्हणणेंही ऐकिलें पाहिजे. लोकांच्या डोळ्यांस आतां तांबड्या भिंतींची संवय झाली आहे. जुन्या गोव्यांतील वास्तूंस १९८६ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हांही हें मंदिर असेंच होतें. मग तें कां बदलावें? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण संवयच मोजावयाची तर सत्तर वर्षांच्या पारड्यासमोर त्यापूर्वींच्या सुमारें साडेतीनशें वर्षांचें पारडें ठेवावें लागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घाईनें सिमेंटाचा लेप दिल्यास पाणी भिंतींतच कोंडलें जाईल व हित करण्याऐवजीं अहित होईल. हें अगदीं खरें. म्हणूनच गिलावा चुन्याचाच हवा, आणि तो जाणत्या कारागिरांच्या हातूनच व्हावा. काम कसें करावें याविषयीं दक्षता बाळगावी, पण दक्षतेच्या नांवाखालीं तें टाळूं नये.

दुर्लक्षाचें फळ काय, हें पाहण्यास दूर जावें लागत नाहीं. जवळच्याच टेंकडीवर संत ऑगस्टिनच्या मंदिराचे अवशेष उभे आहेत. १८३५ सालीं तें सोडून देण्यांत आलें, १८४२ सालीं त्याचें छत कोसळलें व १९३१ सालीं मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. बॉम जेझसवर ती वेळ आलेली नाहीं व येऊंही नये. तें भारतीय पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालीं आहे, आणि लाखों लोक तेथें श्रद्धेनें येतात.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही कधीं जुन्या गोव्यास गेलांत, तर रस्त्याच्या एका बाजूस तांबडें बॉम जेझस व पलीकडे चुन्यानें पांढरें झालेलें से कॅथेड्रल अवश्य पाहा, आणि दोहोंपैकीं कोणतें आपल्या बांधणाऱ्यांच्या इच्छेनुसार उभें आहे, असा प्रश्न स्वतःस विचारा. पालकांपैकीं ज्यांचीं घरें जांभ्याचीं आहेत, त्यांस याचें उत्तर ठाऊक असेलच. पावसाळ्यापूर्वीं भिंतीस चुना लावणारे आपले वाडवडील तो केवळ शोभेसाठीं लावीत नव्हते. जुन्या वस्तूचा मान राखावयाचा म्हणजे ती आपल्या डोळ्यांस जशी आवडते तशी ठेवणें नव्हे. ती करणाऱ्यानें काय योजिलें होतें, हें समजून घेऊन तिची निगा राखणें, यालाच मी खरा मान समजतों.