माळ्यावरची बंदूक

मैत्रिणींनो, दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर माझ्या लहानपणचा टीव्ही गेम सापडला. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमची ही नक्कल. कॅसेट लागेना, तर चिरंजीव त्यात फुंकू लागले. आम्हीही तेच करायचो म्हणा! पण फुंकरीतल्या ओलीने आतल्या पट्ट्या गंजतात. स्पिरिटचा बोळा फिरवून वाळू द्यावं.

गेम लागला, पण ‘डक हंट’मधलं बदक काही पडेना. पोर रडकुंडीला आलं. बंदूक बिघडली नव्हती हो! ती गोळी झाडत नाही, उजेड बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो बंदुकीला दिसला की नेम लागला. सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, तेवढ्यात वेळ टळते. हवा जुना, नळीचा टीव्ही. तो आमच्या यांनी गेल्याच महिन्यात भंगारात दिला, आणि ‘काढा एकदाचा’ म्हणून मागे लागले होते मीच!

शेजारच्या काकूंकडे तसा एक आहे, फुलदाणी ठेवायला. रविवारी चकल्यांचा डबा घेऊन आम्ही मायलेक तिकडे जाणार आहोत.