रांग टाळावी, पण दुसऱ्याच्या पाळीवर पाय देऊन नव्हे

१/ कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: अंबाबाईच्या दर्शनाची लांब रांग कशी टाळावी? प्रश्न रास्त आहे. मात्र रांग टाळण्याचे मार्ग दोन आहेत. एकात आपण आपली वेळ बदलतो. दुसऱ्यात पैसा किंवा ओळख वापरून दुसऱ्याच्या पुढे जातो. या दोहोंतील भेद इतिहासाच्या आधाराने मांडण्यासाठी हा थ्रेड.

२/ रांगेत उभे राहता येणे हाच मुळी आपल्याकडे फार उशिरा मिळालेला हक्क आहे. पंढरपुरात संत चोखामेळ्यांची समाधी विठ्ठलमंदिराच्या बाहेर, महाद्वारासमोर आहे. त्यांच्या समाजाला आत प्रवेश नव्हता. हे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले.

३/ कोल्हापुरापुरते बोलायचे तर राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये हुकूम काढून सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, सरकारी इमारती येथे अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. सार्वजनिक जागी पाळी येईल ती आगमनाच्या क्रमाने, जन्माच्या क्रमाने नव्हे, हे तत्त्व या शहराने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे.

४/ म्हणूनच सशुल्क शीघ्रदर्शनाकडे केवळ ‘सोय’ म्हणून पाहणे मला पटत नाही. तिरुपतीला ३०० रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन आहे. शिर्डीतही सशुल्क पास मिळतो. गाभारा तेवढाच, तास तेवढेच. पास घेणाऱ्याचा वाचलेला वेळ कोठून येतो? मागे उभ्या असलेल्या बिनपासवाल्याच्या वेळेतून.

५/ ‘त्या पैशातून देवस्थानाचा खर्च भागतो’, असा प्रतिवाद होतो. तो क्षुल्लक नाही. पण दान आणि पाळी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. देणगी हवी तितकी घ्यावी. तिच्या बदल्यात क्रमांक देऊ नये. वृद्ध, गरोदर स्त्रिया व दिव्यांग यांना स्वतंत्र वाट अवश्य असावी. तिचा आधार गरज हा आहे, ऐपत नव्हे.

६/ मग सामान्य प्रवाशाने काय करावे? मंगळवार, शुक्रवार, नवरात्र आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात. भल्या सकाळी जावे. गाभाऱ्याजवळ जाण्याचा आग्रह नसेल तर मुखदर्शन घ्यावे. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा आरंभ आणि नोव्हेंबरचा दुसरा आठवडा हे किरणोत्सवाचे दिवस. मावळतीचे किरण पश्चिमाभिमुख मूर्तीपर्यंत पोहोचतात तो सोहळा पाहायचा असेल, तर गर्दी गृहीत धरूनच यावे.

७/ शिवाय मंदिर म्हणजे केवळ गाभारा नव्हे. बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे पाहत सावकाश एक प्रदक्षिणा करावी. वास्तूचा इतिहास तेथे दगडात कोरलेला आहे, आणि तो पाहायला रांग लागत नाही.

८/ शहरातील टाउन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आहे. ती ब्रह्मपुरी टेकडीवर सापडली. पंचगंगेकाठच्या या वस्तीचा रोमन जगाशी व्यापारी संबंध होता, याची ती साक्ष. शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरला ४८ खांबांचा, वर आकाशाला खुला असलेला स्वर्गमंडप आहे. हे पाहायला ताटकळावे लागत नाही.

९/ ‘दर्शनाशिवाय परतायचे कसे?’ असे कोणी विचारील. वारकरी परंपरेने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. आषाढीला कित्येक वारकरी नामदेव पायरीवर माथा टेकवतात, कळसाला हात जोडतात आणि गावची वाट धरतात. त्यांची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही.

१०/ हा विषय आजच मांडण्याचे कारण पन्हाळा. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. त्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. हा नांदता गड आहे, त्यावर लोक राहतात. पर्यटक वाढतील तसे तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी येथे रांगा लागतील. त्या कशा हाताळायच्या हे आताच ठरवायला हवे.

११/ स्पेनमधील ग्रानाडा शहरात अलहम्ब्रा आहे. तेथील नासरी राजवाड्यांच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते आणि त्याच वेळी आत सोडतात. हे तत्त्व पन्हाळ्याला व अंबाबाईलाही लागू करता येईल: ठरावीक वेळेचे टोकन, दर्शनासाठी विनामूल्य, ऑनलाइन आणि जागेवरही, जेणेकरून स्मार्टफोन नसलेली आजी मागे पडणार नाही. वेळ सर्वांचाच वाचावा. निवडक लोकांचा वेळ वाचवणारी व्यवस्था शाहूंच्या नगरीत रुजू देऊ नये, एवढेच म्हणणे.